सुभद्रेचं लग्न

गेल्या चाळीस वर्षांत मी ‘संगीत सौभद्र’ तीस-पस्तीस वेळा तरी पाहिलं असेल. त्यातलं सुभद्रेचं लग्न मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

लागतं हे ठाऊक आहे. अभिमन्यू काही आकाशातून पडला नाही. पण लग्न लागल्याचं कानावर येणं वेगळं आणि अक्षता हातात घेऊन मांडवात उभं राहणं वेगळं. भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या माणसाला तरी हा फरक कळायला हवा.

दोष शेवटच्या बसचा. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून २८ किलोमीटर. आमच्या लहानपणी नाटक, सिनेमा, चष्मा आणि दाढदुखी या चारही गोष्टींसाठी नाशिक गाठावं लागे. नाशिकला गेलेला त्र्यंबककर कितीही रंगात आलेला दिसला, तरी त्याचं निम्मं लक्ष बसस्टँडवर असतं. त्यातून संगीत नाटक. ते जाहीर झालेल्या वेळेला सुरू झालं तर प्रेक्षकांनाच चुकल्यासारखं वाटतं. आधी कुणातरी मान्यवराला शाल-श्रीफळ, मग ऑर्गन आणि तबला यांचं एकमत होईपर्यंतची ठाकठोक, मग तिसरी घंटा, मग नांदी. नायक-नायिकेची गाठ पडायची आणि आमची बस सुटायची वेळ एकच.

मी सहावीत असताना अण्णांनी मला पहिल्यांदा ‘सौभद्र’ला नेलं. अण्णा, म्हणजे वडील, कुठेही गेले तरी छत्री घेऊन जातात. नाशिकच्या रस्त्यात कडक ऊन असताना कुणी हातात छत्री घेऊन चाललेला दिसला, तर तो त्र्यंबकचा समजावा. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला जून ते सप्टेंबर काढलेला माणूस आभाळाच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. अण्णांची ती छत्री काळी, लांब, वाकड्या लाकडी मुठीची. तिची एक काडी मोडून बाहेर आलेली होती. मिटली तरी ती एका बाजूने अर्धी उघडीच राहायची, पंख दुखावलेल्या कावळ्यासारखी. बसमध्ये ती चार जणांना लागायची आणि अण्णा चार जणांची माफी मागायचे.

तर शेवटचा अंक चालू होता, आता सगळा उलगडा होणार म्हणून मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो आणि अण्णांनी माझा दंड धरला. “चल.”

“अण्णा, लग्न?”

“लागतं. चल लवकर.”

आम्ही वाकून, लोकांच्या गुडघ्यांना लागत, अंधारातून बाहेर पडलो. मधे कुठेतरी अण्णांची छत्री अडकली आणि कुणीतरी त्यांच्यावर खेकसलं. मी मान वळवून वळवून रंगमंचाकडे पाहत होतो, पण मला दिसली ती फक्त एका बाईची वेणी. बस मिळाली. पहिने फाट्यापर्यंत मी अण्णांशी बोललो नाही.

पुढे मोठा झाल्यावर एक गोष्ट वाचनात आली आणि थोडा धीर आला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली पुण्यात ‘सौभद्र’ पहिल्यांदा केलं, तेव्हा त्याचे तीनच अंक सादर केले होते. सगळं नाटक पुढच्या वर्षी आलं. म्हणजे सुभद्रेचं लग्न न पाहता घरी गेलेले पहिले प्रेक्षक आम्ही नव्हतो, पुणेकर होते. अण्णासाहेबांची ही खोडच दिसते. त्याआधी १८८० साली ‘शाकुंतल’ही त्यांनी चारच अंकांचं दाखवलं होतं. महसूल खात्यातल्या माणसाला हप्त्याहप्त्याने द्यायची सवय असावी.

घरी बसून नाटक पाहायची सोय आधी दूरदर्शनने केली. मुंबई केंद्र १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, आमच्या आळीत टीव्ही यायला आणखी बरीच वर्षं लागली आणि चित्र दिसायला त्याहून जास्त. सगळ्या बाजूंनी डोंगर. नाटक म्हणजे पडद्यावर मुंग्यांचं वारूळ आणि त्याच्या आतून येणारं गाणं. धाकटा काका कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आम्ही “आली, आली, गेली!” ओरडायचो. रस्त्यावरच्या लोकांना घरात बाळंतीण अडली आहे असं वाटायचं. पाऊस लागला की काकाला वर पाठवणं आजी बंद करायची आणि मग चार महिने रंगभूमीला चातुर्मास.

आमच्या शेजाऱ्यांना मात्र या मुंग्यांचंही कौतुक. कारण दादासाहेब फाळके इथलेच. १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मले. तेव्हा जगात जे काही हलतं चित्र म्हणून दिसतं, त्यात आमच्या गावाचा वाटा आहे, अशी इथल्या जुन्या माणसांची समजूत आहे. आजीला ते मान्य नव्हतं. तिचा फाळक्यांवर राग होता. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, पण तो मुका. “त्र्यंबकचा माणूस, बाप शास्त्री, आणि राजाला एक पद देऊ नये?” राजाला गाता यायला १९३२ उजाडावं लागलं. प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला, तो बोलणारा आणि गाणारा, आणि त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. ज्यांनी १९११ साली ‘मानापमाना’ला चाली दिल्या, तेच. हे कळल्यावर आजी म्हणाली, “बघ, शेवटी नाटकवाल्याला बोलवावंच लागलं.”

खरं पर्व सुरू झालं ते तबकड्यांचं. नाशिकच्या मावसभावाने एक संच आणून दिला. कुणा हौशी माणसाने फार पूर्वी नाट्यगृहात कॅमेरा लावून ‘सौभद्र’चा आख्खा प्रयोग व्हिडिओ कॅसेटवर घेतला होता, त्यावरून कुणीतरी व्हीसीडी केल्या होत्या, त्यावरून आणखी कुणीतरी. एका व्हीसीडीत मावतो जेमतेम सव्वा तास, म्हणून तीन तबकड्या. अण्णांना तेही पुष्कळ वाटलं. त्यांच्या वडिलांकडे बालगंधर्वांच्या जुन्या लाखेच्या ध्वनिमुद्रिका होत्या. त्यांच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. जो माणूस प्रयोगात एकच पद अर्धा अर्धा तास रंगवायचा, ज्याच्या नाटकाला संध्याकाळी जेवून गेलेली माणसं पहाटे घरी परतायची, त्याला तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे गोदावरी तांब्यात घेण्यासारखं. तेही आम्ही कुशावर्तावर रोज करतोच म्हणा, आणि लोक तांबे सीलबंद करून घरी नेतात.

पहिली तबकडी चालली. दुसरी चालली. तिसऱ्या पाकिटातून जी निघाली ती सत्यनारायणाची कथा होती.

कुणाकडे अदलाबदल झाली ते कधीच कळलं नाही. कुठल्यातरी घरी सत्यनारायणाच्या दिवशी साधुवाण्याच्या जागी बलराम आला असणार. मावसभावाने फोनाफोनी केली, मूळ कॅसेटवाल्याचा पत्ता लागेना. पण अण्णा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. नाटक मधेच सोडू नये, म्हणून ते दुसऱ्या तबकडीनंतर तिसरीही लावत. त्यामुळे आमच्या घरी वर्षानुवर्षं ‘सौभद्र’ अर्जुनाच्या संन्यासापर्यंत येऊन थांबायचं आणि तिथून थेट नैमिषारण्यात शौनकादी ऋषींपाशी जायचं. पाहुण्यांना यात काही वावगं वाटत नसे. यतीच्या वेषातला अर्जुन झाल्यावर आणखी चार जटावाले आले तर बिघडलं कुठे?

पाहुण्यांचं सांगायला हवं, कारण आमच्या घरी प्रेक्षक दर तीन दिवसांनी बदलतात. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा. यजमान लांबून येतात, बरेच जण गुरुजींच्याच घरी माडीवर उतरतात, विधी पुरा होईतो गाव सोडत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत आणि संध्याकाळी सहानंतर काय करायचं ते त्यांना कळत नाही. खाली आमचा टीव्ही. ते खाली यायचे, पण नाटकासाठी नव्हे. त्यामागे घंटेची भानगड होती.

अण्णांना तिसऱ्या घंटेशिवाय नाटक सुरू झालेलं चालत नाही. तबकडी आत सरकवली की ते देवघरातली घंटा उचलून एकदा वाजवत, मग थोडं थांबून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. वर माडीवर यजमानांना वाटे, आरती. ते हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन, पोराबाळांना ओढत जिन्यावरून खाली येत आणि भिंतीला टेकून बसत. समोर नांदी सुरू झालेली असे. सगळी पात्रं रांगेत हात जोडून उभी, ऑर्गनचा सूर, देवाची स्तुती. यजमानही हात जोडत. नांदी संपून सूत्रधार पुढे येई तेव्हा काहीतरी चुकलंय हे त्यांच्या ध्यानात येई, पण तोवर आईने चहाचे कप हातात दिलेले असत आणि दिलेला चहा टाकून गुरुजींसमोरून उठायचं कसं?

पुरुष नव्या कोऱ्या पांढऱ्या धोतरात, बायका पांढऱ्या साड्यांत. पाठीमागून पाहिलं तर किर्लोस्कर मंडळींच्या काळचं पिटच वाटावं.

एकदा एका यजमानांना शंका आली. नागबळीत एक दिवस सुतक पाळतात. “गुरुजी, सुतकात नाटक पाहिलेलं चालतं का?” अण्णा गडबडले. धर्मसिंधूत रंगभूमीचं प्रकरण नाही. ते मनातल्या मनात ग्रंथ चाळत असताना कोपऱ्यातून आजी म्हणाली, “अहो, हे नाटक आत्ता कुठे चाललंय? ते तेव्हाच होऊन गेलं. होऊन गेलेल्या कार्याला सुतक कसलं?”

यजमान समाधानाने परत टेकून बसले. अण्णांनी हा निर्णय नंतर दोन-तीन ठिकाणी स्वतःचा म्हणून सांगितला, असं मला खात्रीलायकरीत्या समजलं आहे.

सुरतेच्या एका जोडप्याने आमच्या घराला कायमचा वाक्प्रचार दिला. शेठना मराठी अर्धं कळत होतं आणि गाणं अजिबात नको होतं. ‘सौभद्र’मध्ये पदं शंभराच्या वर. अर्जुन रागावला की गातो, विरहात गातो, झोप येत नाही म्हणून गातो. शेठ दर पदानंतर घड्याळ पाहायचे आणि अण्णांना विचारायचे, “पण लगन क्यारे थशे?” अण्णा सांगायचे, “थशे, थशे.” दुसरी तबकडी संपली आणि सत्यनारायण सुरू झाला. शेठनी हात जोडले, शेवटपर्यंत कथा ऐकली आणि उठताना मला म्हणाले, “सारुं थयुं. लगन पछी सत्यनारायण तो होय ज.” एवढ्या वर्षांत त्या जोडणीतली फट भरून काढणारा तो एकच माणूस. लग्नानंतर सत्यनारायण घालतातच, म्हणजे लग्न झालंच असणार. तेव्हापासून आमच्या घरी कुठलंही काम रखडलं, गॅसचा नंबर लागेना की रस्त्याचं खोदकाम संपेना, की आई म्हणते, “पण लगन क्यारे थशे?”

धारवाडकडच्या एका अप्पांची गोष्ट याच्या उलट. ते प्रत्येक पदाला मांडीवर ताल धरून पुढची ओळ कलाकाराच्या आधी म्हणायचे आणि वर सांगायचे, “ही चाल आमच्याकडची की हो.” ते खोटं नव्हतं. किर्लोस्करांनी कर्नाटकी चाली घेतल्या, कीर्तनातली साकी-दिंडी घेतली, लावणीचा ठेका घेतला. कानावर जे पडलं ते गाळून घेतलं. शिवाय जन्म बेळगाव जिल्ह्यातला. अण्णा दोन पदांपर्यंत गप्प बसले, तिसऱ्याला म्हणाले, “अप्पा, चाल तुमची. सुभद्रा द्वारकेची, म्हणजे गुजरातची. अर्जुन दिल्लीकडचा. आमचं म्हणून काही राहू द्याल की नाही?” अप्पांनी विचार केला आणि म्हणाले, “तुमचं ते ‘वन्स मोअर’.”

वन्स मोअरवरून आमच्या घरी दोन पक्ष आहेत. रिमोट आल्यावर मला वाटलं, आता काय, आवडलं पद की मागे न्यायचं. अण्णांनी रिमोट काढून घेतला. त्यांचं म्हणणं, वन्स मोअर हा मागायचा असतो, घ्यायचा नसतो. गाणाऱ्याला दम लागलाय, पुढचा प्रसंग खोळंबलाय, तरी दहा जणांनी ओरडून मागितल्यावर त्याने द्यायचा. बटण दाबून घेतलेला तो वन्स मोअर नव्हे, ती वसुली. तेव्हा पद्धत अशी पडली की ज्याला हवं त्याने मोठ्याने ओरडायचं, निदान तिघांनी साथ द्यायची, मग अण्णा रिमोटवर कृपा करणार. यात खरी गंमत आईची. ती स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्टीत पद बुडालं की ती आतून ओरडायची, “वन्स मोअर!” पिटातल्या तीनशे लोकांचा आवाज त्या एका बाईत. अण्णा आज्ञाधारकपणे पद मागे न्यायचे आणि नेमकी त्याच ओळीला दुसरी शिट्टी. एका शनिवारी वरण-भातापायी बलरामाला एकच पद चार वेळा गावं लागलं. वरण मात्र छान शिजलं होतं.

कॅमेऱ्याचा एक अपराध मी अजून माफ केलेला नाही. नाट्यगृहात विसाव्या रांगेतून अर्जुन तरणाबांड दिसतो. अंतर, दिवे आणि आपली इच्छा या तिघांनी मिळून त्याला तरुण ठेवलेलं असतं. कॅमेरा मात्र मेकअपच्या आत शिरतो. आमच्या तबकडीतल्या अर्जुनाच्या टोपाची कड दिसते, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसतो आणि ऐन विरहाच्या पदात तो डाव्या हाताने कमर चेपतो तेही दिसतं. आई त्याला “बिचारा” म्हणते, ते सुभद्रेवरून नव्हे. पण डोळे मिटले की तो पंचविशीचा होतो. आवाजाला टोप लागत नाही.

सारखी तीच तबकडी पाहून आम्ही नाटकाइतकेच त्यातल्या प्रेक्षकांना ओळखायला लागलो. खाली डाव्या कोपऱ्यात एक टक्कल आहे. पहिल्या अंकात ते डुलतं, दुसऱ्यात स्थिर असतं, तिसऱ्यात एकदा उठून जातं आणि बऱ्याच वेळाने परत येतं. आई दर वेळी काळजीने म्हणते, “बरं आहे ना त्यांना?” एक पोर आहे, ते नारद आला की रडतं. आता ते चाळिशीचं झालं असेल, कदाचित अजूनही नारदाला भीत असेल. दुसऱ्या अंकात एक बाई शेजारणीला कुठल्यातरी कुंदाच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडल्याचं सांगते, ते कॅमेऱ्याच्या माइकने सगळं उचललं आहे. रुक्मिणी काय म्हणते ते आम्हाला धड ठाऊक नाही, पण कुंदाच्या व्याह्यांनी काय मागितलं ते पाठ आहे.

हा प्रयोग कुठला, यावर बरीच वर्षं वाद होता. कॅमेरा अर्धी नांदी झाल्यावर चालू झालेला, पाटी नाही, गाव नाही. आईच्या मते पुणं, कारण विनोदावर कुणी हसत नाही. मावसभाऊ म्हणे मुंबई. अण्णांचं मत सांगली. नाशिक असेल का, असं मी एकदा सुचवलं तेव्हा ते म्हणाले, “छे. मधेमधे उठतात बघ किती. नाशिकचा प्रेक्षक असा उठत नाही.”

आजीने ‘सौभद्र’चा शास्त्रार्थ वेगळाच लावला होता. अर्जुन खोट्या यतीचा वेष घेऊन बलरामाच्या घरी उतरतो, भोळा बलराम त्याच्या सेवेला बहिणीलाच नेमतो, हे पाहिल्यापासून तिचा साधूंवरचा विश्वास उडाला. २००३च्या सिंहस्थात गल्लीबोळांत साधूच साधू झाले होते. आमच्या दारी कुणी भिक्षेला आला की आजी आधी त्याची मनगटं बघायची. “धनुष्य ओढणाऱ्याच्या हाताला घट्टे असतात,” ती आतेबहिणीला सांगायची, “घट्टे दिसले तर मला हाक मार.” आतेबहीण तेव्हा विशीत होती आणि भिक्षा घालायला फार उत्सुक असायची, असं आता आठवतं.

मोबाइल आले आणि कुणीही विचारावं असा प्रश्न पुण्याहून आलेल्या एका तरुण यजमानाने विचारलाच. “काका, यूट्यूबवर असेल की शेवटचा अंक. दोन मिनिटांत लावून देतो.” अण्णा कानावर हात ठेवायचे तेवढे राहिले. “चार अंक एका मंडळीचे आणि पाचवा दुसऱ्या मंडळीचा? दाखवायची एक मुलगी आणि बोहल्यावर दुसरीच उभी करायची? याला फसवणूक म्हणतात.” मी एका रात्री माडीवर जाऊन चोरून लावला. शेवटच्या प्रसंगाशी आलो आणि मधेच जाहिरात लागली, लग्नं जुळवणाऱ्या कंपनीची. ती संपायच्या आत उद्याच्या मुहूर्ताचं विचारायला यजमानांचा फोन आला. मी तो संकेत समजलो आणि झोपलो.

गेल्या श्रावणात मावसभावाचा फोन आला. तिसरी तबकडी सापडली. त्याच्या सासुरवाडीला, कपाटाच्या तळाशी, ‘साधुवाणी’ लिहिलेल्या पाकिटात. आमच्याकडचा व्हीसीडीचा डबा केव्हाच भंगारात गेलेला, म्हणून त्याने सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि स्वतः घेऊन आला. आई म्हणाली, लग्न आहे तर गोड करते, आणि तिने रव्याचे लाडू केले. आजी नव्हती. तिच्या जागी भिंतीला टेकून कुणी बसलं नाही, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

माडीवर तेव्हा तेच पुण्याचं तरुण जोडपं होतं, शिवाय लातूरचं एक मोठं कुटुंब. अण्णा आता ७९ वर्षांचे. त्यांनी घंटा तीनदा वाजवली, मंडळी पदर घेऊन खाली आली. पाऊस असा की समोरच्या घराचा ओटा दिसत नव्हता. चौथ्या अंकापर्यंत गेलो आणि लाईट गेली.

कुणी उठलं नाही. लातूरच्या आजोबांनी विचारलं, “मग पुढं काय झालं, गुरुजी?” अण्णांनी अंधारात सांगायला सुरुवात केली, सांगता सांगता एक पद गुणगुणले, आवाज चढेना म्हणून खाली आणून म्हणाले. आतून आई “वन्स मोअर” म्हणाली. कुकर लावलेला नव्हता. तासाभराने लाईट आली तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

तिसरा भाग सुरू झाला. चित्र खराब, मधे मधे चौकडे पडत होते, पण सुभद्रा होती, आमचीच सुभद्रा. टक्कलही जागेवर होतं. आईने ते तपासून घेतलं. बलरामाचा राग चढला, मग उतरायला लागला. कृष्ण गालात हसला. कुणीतरी हार घेऊन आलं. मी लाडू हातातच धरून पुढे सरकलो.

आणि पडद्याच्या उजवीकडून दोन सावल्या उठल्या. एक मोठी, एक लहान, दोन्ही वाकलेल्या. मोठीच्या काखेत काहीतरी लांब होतं आणि त्याला एका बाजूने पंखासारखं फुटलेलं होतं. तो पंख कॅमेऱ्याकडे आला, अडकला, हिसका बसला, आणि चित्र फिरून छतावर गेलं. एक पंखा गरगरत होता, त्यापलीकडे काळोख. आवाज मात्र चालू होता. ऑर्गन, टाळ्या, मंगलवाद्यं, आणि त्यावर कुणीतरी दात-ओठ खाऊन, “अहो! वायर! वायर बघा!”

मग अगदी माइकशी, रडवेला, सहावीतला आवाज.

“अण्णा, लग्न?”

“लागतं. चल लवकर.”

कॅमेरा सरळ झाला तेव्हा पडदा पडत होता. पुण्याचा मुलगा पोट धरून हसत होता. “काय माणसं असतात यार! ऐन लग्नात!” लातूरच्या आजोबांनी मान हलवून दुजोरा दिला. आई काही बोलली नाही. तिने दारामागच्या खुंटीकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

“ती टाकून द्या म्हणून मी तेव्हाच सांगत होते,” ती म्हणाली.

अण्णा बराच वेळ पडलेल्या पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातला लाडू घेतला, अर्धा मोडून मला परत दिला.

“बस मिळाली होती पण,” ते म्हणाले.